क्लॅरनेटवाल्याचे पांढरे दात

दवाखाना बंद करून बरेच दिवस झाले, तरी लग्नाला गेले की अजूनही मी आधी लोकांच्या तोंडाकडे बघते. नवरीचा शालू, नवरदेवाचा फेटा, जेवणात काय आहे, हे सगळं मागाहून. कुणी हसलं की माझी नजर वरच्या चार-सहा दातांवर जाते आणि मनातल्या मनात शेरे सुरू होतात. हे मूळचे आहेत. हे गेल्या आठवड्यात पांढरे करून आणलेत. आणि हा बिचारा आता आइस्क्रीमची वाटी हातात धरून ते वितळायची वाट बघत उभा राहणार. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाला दुसरं काही दिसेनासं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला आता कंटाळा आलाय.

अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांना बहुधा दातांची निगा कशी राखावी असं काहीतरी हवं होतं. ते मी लिहिणार नाही. ब्रश कसा धरावा हे आयुष्यभर घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. समोर खुर्चीत बसलेल्या माणसानं ते ऐकलं नाही, आता अंक उघडून कोण वाचणार? त्यापेक्षा दात पांढरे करण्याच्या कामाबद्दल लिहिते. हे काम मी पुष्कळ केलं, आणि त्यानं मला जेवढं दमवलं तेवढं कुणाच्या अक्कलदाढेनंही दमवलं नाही.

माझा दवाखाना औरंगपुऱ्यात, एका साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली जाणारा समोरासमोर आले तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. ज्याचा गाल जास्त सुजलेला, त्याला आधी वाट मिळे. सुरुवातीच्या वर्षांत लोक फक्त दुखलं की यायचे. "मॅडम, काढून टाका," एवढंच बोलणं. दात पिवळा आहे की काळा, याची कुणाला फिकीर नव्हती. आमच्याकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यानंच दातांवर तपकिरी डाग पडतात. सगळ्या गावाचेच दात तसे, तेव्हा कुणी कुणाला लाजायचं? मग मोबाइलला चांगले कॅमेरे आले आणि लोकांना स्वतःचे दात दिसायला लागले. त्यानंतर लग्नसराई जवळ आली की माझ्या बाकड्यावर नवऱ्या, नवरदेव, करवल्या आणि कधी कधी विहीणबाईसुद्धा येऊन बसायला लागल्या. यांच्यापैकी कुणाचंच काही दुखत नसायचं. दुखणं ते माझ्याकडून घेऊन जायचे.

ते कसं, ते सांगते. दात वरून गुळगुळीत दिसतो, पण त्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. पांढरं करणारं औषध त्या छिद्रांतून आत शिरतं आणि आत मुरलेला चहाचा, तंबाखूचा, वयाचा रंग फिका करतं. पण ते रंगापाशी थांबत नाही. कवचाच्या खाली दाताचा जो भाग असतो, त्यात केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्या आतल्या शिरेच्या दिशेनं जातात. औषधानं त्या काही दिवस उघड्या पडल्यासारख्या होतात. मग थंड पाणी, गरम चहा, नुसता वारा, काहीही लागलं की जी सणक उठते ती पार कानशिलापर्यंत जाते. आम्ही त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतो. बहुतेकांची ती थोड्या दिवसांत आपोआप जाते. तोवर पेशंट डॉक्टरला काय काय बोलतो, ते त्याच्या घरच्यांना विचारावं.

शहागंजातले एक कापडवाले सेठ मला नेहमी आठवतात. शेजारच्या दुकानदारानं दात उजळून घेतले म्हणून तेही आले. मी दातांच्या रंगाच्या छटांची पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, छताकडे बोट केलं.

"मॅडम, वो ट्यूबलाइट दिखरी ना? वैसे होना."

माणसाचे दात तसे नसतात, शिवाय दुखेल, असं मी सांगून पाहिलं. "दुखने दो," सेठ म्हणाले. "दुकान पे बैठके दुख लेंगे." पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरून फोन आला. सेठ कुणाशी बोलत नाहीत, गिऱ्हाइकाला बोटांनी भाव सांगतात, कारण तोंड उघडलं की पंख्याचा वारा लागतो. यथावकाश ते बरे झाले. आणि वर्षभरात पुन्हा जिना चढून आले, दात पुन्हा पिवळे का पडले म्हणून भांडायला. येताना त्यांनी खालच्या टपरीवर चहा घेतला होता.

अशी माणसं पुष्कळ भेटली. सगळ्यांचं लिहीत बसले तर तुम्ही दमाल, मी तर आधीच दमलेय. म्हणून एकाचंच नीट सांगते, भगवान मास्तरांचं.

भगवान मास्तर ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. शहागंजाच्या मागच्या गल्लीत त्यांच्या बँडची खोली होती. शहरातल्या जुन्या लोकांनी त्यांना नक्की ऐकलेलं असणार, पण चेहरा आठवणार नाही, कारण वरातीत सगळे घोड्यावरच्या माणसाकडे बघतात. उंच, सडपातळ, पन्नाशी ओलांडलेले. बोलताना तोंडासमोर मूठ धरायची सवय. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि एकुलती एक मुलगी वर्षा, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होती. तिचं लग्न ठरलं होतं. तीच त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

"मॅडम, पप्पांचे दात पांढरे करायचेत," ती म्हणाली. "माझ्या लग्नात ते फोटोत हसले पाहिजेत."

मास्तर खुर्चीत अंग चोरून बसले होते. "वाजिवणाऱ्याचे दात कोन बघतंय, मॅडम? ते तर क्लॅरनेटवर टेकलेले असतेत. तुमीच सांगा हिला."

"म्हणूनच," वर्षा म्हणाली. "आजवर कुणाला दिसले नाहीत. आता दिसू द्या."

मी तोंड उघडायला लावलं. गावाकडच्या पाण्याचे जुने डाग, त्यावर चहा, त्यावर तंबाखू. लहानपणापासून राखुंडीनं घासघासून हिरड्या वर सरकलेल्या. जिथं हिरडी सरकते तिथं दाताला कवच नसतं, म्हणजे औषध लागलं की तिथं हमखास कळ येणार. हे सगळं मी दोघांना स्पष्ट सांगितलं. डाग फिके होतील, जाणार नाहीत, हेही सांगितलं. मग विचारलं, "मास्तर, वाजवताना वरचे दात नेमके कुठं टेकतात?"

त्यांनी स्वतःचा अंगठा तोंडात धरून दाखवला. "हितं. म्होरचे दोन. सगळा भार ह्यांच्यावरच. सूर आधी दाताला कळतो, मॅडम, मंग कानाला."

हे मला नवीन होतं. तेवढ्यासाठी मी औषध सौम्य घेतलं, हिरड्यांच्या कडा झाकून घेतल्या आणि काम घाई न करता थोड्या थोड्या बैठकांत केलं. दात काही ट्यूबलाइटसारखे झाले नाहीत, पण मास्तर आरशात बघतच राहिले. "हे माजेच हायेत व्हय?" त्यांनी वर्षाला विचारलं. मग मी नेहमीची पथ्यं सांगितली. चहा कमी, हळदीचं कालवण काही दिवस बंद, तंबाखू कायमची बंद. आणि आंबट अजिबात नाही. लिंबू नाही, चिंच नाही, कैरी नाही. आंबटानं कवच मऊ पडतं. मास्तरांनी मान डोलावली. थोडे दिवस दात शिवशिवले, मग थांबले. मला वाटलं, संपलं काम.

लग्न महिना-दीड महिन्यावर आलं असताना मास्तर भर उन्हात, तोंडाला टॉवेल गुंडाळून, न सांगता आले. टॉवेल सोडायला तयार नव्हते. कसंबसं तोंड उघडलं. मी हवेची जरा फुंकर मारली तर माणूस खुर्चीतून उठला. समोरच्या दातांची चकाकी गेली होती. ते खडूसारखे दिसत होते. आम्हाला ते दिसलं की काय झालंय ते लगेच कळतं.

"लिंबू खाल्लंत, मास्तर?"

"नाय मॅडम. तुमी नको म्हणलात. थेंब खाल्ला नाय."

"मग चिंच? कैरी?"

"नाय. काय बी आंबट खाल्लं नाय." मग जमिनीकडे बघत ते पुटपुटले, "खाल्लं नाय. घासलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सीझनच्या आधी बँडचं पितळ उजळायचं असतं. ट्रंपेट, मोठे भोंगे, सगळ्यांवर लिंबू-मीठ चोळायचं, काळं गेलं की पाण्यानं धुऊन फडक्यानं पुसायचं. हे काम मास्तर लहानपणापासून करत आलेले. त्या दिवसांत चहामुळं दातांवर जरा पिवळी झाक आली होती. लग्न जवळ आलेलं. पोरीनं हौसेनं करून दिलेले दात परत खराब झाले तर तिला काय वाटेल, ही धास्ती. एका हातात पितळ होतं, दुसऱ्या हातात अर्धं लिंबू.

"म्हणलं पितळ उजळतंय, तर दात काऊन उजळू नाय? त्याच लिंबानं घासले. सणक आली तसं वाटलं, लागू पडायलंय. मंग रोज घासायलो."

मी कोळशानं दात घासणारे पाहिलेत, विटेच्या भुकटीनं घासणारे पाहिलेत, एका बाईनं धुण्याचा सोडा लावलेला पाहिलाय. दातांना पितळेचा उपचार करणारा मला दुसरा भेटला नाही. ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. माणसानं सगळं पोरीच्या शब्दापायी केलं होतं आणि समोर बसून डोळे पुसत होता. औषधानं आधीच नाजूक झालेल्या दातांवरचं कवच लिंबानं अजून खरवडलं गेलं, एवढं मी त्यांना समजावून सांगितलं.

"ते जाऊ द्या, मॅडम," मास्तर म्हणाले. "क्लॅरनेट तोंडाला लावता येईना गेलीय. दात टेकला की सगळं डोकं झिणझिणतं. सीझन गेला तर जाऊ द्या, दुसरा कोनी वाजवील. पन पोरीच्या पाठवणीला मला वाजवायचंय."

मग त्यांनी मला त्यांच्यातली रीत सांगितली. बँडवाल्याच्या मुलीचं लग्न असलं की शहरातले बाकीचे बँड न बोलावता येतात आणि वाजवतात. आणि पाठवणीच्या वेळी बाप स्वतः वाजवतो, गाडीच्या पुढं चालत, रस्त्याच्या वळणापर्यंत.

"अशी का रीत?" मी विचारलं.

"तोंड गुतलेलं ऱ्हातं. दम सगळा सुराला लागतो. बापाला रडता येत नाय," ते म्हणाले. "माझ्या उस्तादांनी बी वाजिवलं व्हतं त्यांच्या पोरीला. मी मागं ढोल धरून व्हतो."

मी त्यांच्या दातांना फ्लोराइडचा लेप दिला, हिरडीजवळचे उघडे भाग भरून घेतले, आणि मागं पांढरं करताना त्यांच्या दातांच्या मापानं बनवलेला साचा बाहेर काढला. त्या वेळी त्यात रंग उडवायचं औषध घातलं होतं, आता शिरेला शांत करणारं घातलं. रोज थोडा वेळ तो लावून बसायचं, आणि मी सांगेपर्यंत क्लॅरनेटला दात लावायचा नाही. बरं होईल, असं मी म्हणाले. मनात खात्री नव्हती, पण दातांच्या डॉक्टरला अर्धं काम आवाजानंच करावं लागतं.

त्यानंतर एका संध्याकाळी वर्षा एकटीच आली, ड्यूटीवरून थेट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.

"मॅडम, पप्पा लग्नापर्यंत बरे होतील?"

"होतील. फरक पडतोय."

तिनं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "थोडं दुखू दिलं तर चालेल का? लग्नापुरतं."

मी हातातलं काम खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

"लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे," ती म्हणाली. "सगळं लग्न आत मांडवात आणि हे बाहेर उन्हात, तो जाड लाल कोट घालून. 'ए बँडवाले, चला, सुरू करा.' त्यांना नावानं कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. जेवण सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागं. माझ्या लग्नात त्यांनी फेटा बांधून पुढच्या सोफ्यावर बसावं, मॅडम. मुलीच्या बापासारखं. माझ्या गाडीपुढं वाजवत चालू नये. मी त्यांना तसं बोललेय. ते नुसतं बघू म्हणतात. पण दात दुखत असले तर विषयच मिटतो ना."

"दुखणं सांभाळून ठेवायला माझ्याकडे कपाट नाही, वर्षा," मी म्हणाले. "मी दात बरे करणार. बाकीचं तुम्ही बापलेक घरी मिटवा."

जरा जास्तच तोडून बोलले. ती डोळे पुसत जिना उतरली आणि मला दिवसभराचा शीण एकदम जाणवला. तिचं चुकत नव्हतं. मास्तरांचंही चुकत नव्हतं. दोघांनाही एकमेकांसाठीच काहीतरी करायचं होतं आणि मध्ये दात आले होते. अशा वेळी आपण कवळ्या बनवायचं काम घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. कवळीला शीर नसते.

लग्नाच्या थोडं आधी मास्तर शेवटचे तपासून घ्यायला आले. खांद्याला क्लॅरनेटची पिशवी होती. मी हवेची फुंकर मारली. हलले नाहीत. दातावर थंड पाणी सोडलं. हलले नाहीत.

"लावा," मी म्हणाले.

त्यांनी क्लॅरनेटचे तुकडे जोडले, जिभेनं तोंडाकडची वेताची पट्टी ओली केली आणि वाजवायला सुरुवात केली. माझी खोली ती केवढी. सूर भिंतींना आपटून बाहेर गेला तशी खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. बाकड्यावर एक बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या, त्यासुद्धा मान डोलवायला लागल्या. मास्तर थांबले तेव्हा मी विचारलं, "दुखलं?"

"नाय."

मला आनंद झाला, कबूल करते. या पेशात कुणी बरं होऊन गेलं की परत तोंड दाखवत नाही, त्यामुळं बरं झालेलं तोंड असं समोर वाजताना बघायला मिळत नाही. मास्तर मात्र खूश दिसेनात. एकेक तुकडा पुसून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, कोनी इचारलं तर अजून दुखायलंय म्हणून सांगा."

"का?"

"मी वाजिवणार नाय. पोरगी नको म्हणतीय. आईमागं वाढलेली पोर, कंदी काय मागितलं नाय तिनं. एक मागितलं, ते बी माज्यासाठीच. ते कसं मोडू?"

"मग तसं सांगा ना तुमच्या लोकांना."

"काय सांगू? पोरीला बापाचं वाजिवणं नको म्हणून? लई वंगाळ बोलतील तिला. शिकली, बापाची लाज वाटायली, असंच म्हणतील. तिला नावं ठेवण्यापरीस दाताला ठेवलेली बरी."

"आणि दात कुणी खराब केले म्हणतील? माझ्या नावाचं काय?"

मास्तर पहिल्यांदाच हसले. "तुमचं नाव मोठं हाय, मॅडम. चार बँडवाल्यांनी खराब करून काय व्हतंय त्याला?"

मी हो म्हणाले. पटलं म्हणून नाही. वाद घालायलाही बळ लागतं आणि बाहेर त्या गालवाल्या बाई ताटकळत होत्या.

लग्न जालना रोडच्या एका मंगल कार्यालयात, दुपारचं होतं. शहरातले बँड खरोखरच आले होते, लाल कोटवाले, निळे कोटवाले, पांढरे कोटवाले. मास्तर फेटा बांधून पुढच्या सोफ्यावर बसले होते आणि फोटोवाला सांगेल तेव्हा हसत होते. दात छान दिसत होते. पण हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी गुडघ्यावर, कधी सोफ्याच्या दांडीवर, कधी फेट्याच्या शेमल्याशी चाळा. मी मागच्या रांगेत बसले होते. त्यांचे ट्रंपेट वाजवणारे जुने जोडीदार रहीमभाई माझ्याजवळ आले.

"मॅडम, गुस्सा नक्को करो," ते अदबीनं म्हणाले. "पन मास्टर का मुँह बिगाड डाले आप. पूरे शहर में वैसा क्लॅरनेट नै था."

आजूबाजूचे दोघे-तिघे वळून माझ्याकडे बघत होते. ताटातली जिलेबी मी खाली मान घालून संपवली. खोटं सांगणं नाही म्हटलं तरी सोपं असतं, ते ऐकून घेणं जड जातं.

पाठवणीची वेळ झाली. फुलं लावलेली गाडी दारात उभी होती. सगळे बँड दोन बाजूंना गप्प उभे राहिले. रहीमभाईंनी मास्तरांची क्लॅरनेट जोडून आणली होती. बाकीच्या बँडवाल्यांनी नको म्हटलं तरी त्यांनी ती आणलीच असावी, कारण ते त्यांच्याकडे नाराजीनं बघत होते. त्यांनी दोन्ही हातांनी ती मास्तरांपुढं धरली. मास्तरांनी गालावर हात ठेवला आणि मान हलवली. मग निळ्या कोटातल्या एका पोरसवदा वादकानं आपली क्लॅरनेट तोंडाला लावली आणि सुरुवात केली. बरा वाजवत होता.

मास्तर तसेच उभे राहिले, गालावर हात ठेवून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थांबेना. बायका कुजबुजल्या, "लई कळ मारायली वाटतं." एकीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

वर्षाचा एक पाय गाडीत होता. तिनं वळून बापाकडे बघितलं, पाय खाली घेतला आणि गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली.

"मॅडम, अजून इतकं दुखतंय त्यांना? मी थोडं म्हणाले होते. एवढं नव्हतं मागितलं मी."

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी तिथूनच मला बारीकशी मान हलवून नको म्हणून खुणावलं. पेशंटची गोष्ट बाहेर फोडायची नाही, हे मी कॉलेजात शिकले आणि जन्मभर पाळलं. पण पोरीचं तोंड माझ्यासमोर होतं आणि ती आयुष्यभर ते दुखणं स्वतःच्या माथी घेऊन बसणार, हे मला दिसत होतं.

"त्यांचे दात ठणठणीत आहेत," मी म्हणाले. "माझ्यासमोर वाजवून गेलेत. तू नको म्हणालीस म्हणून वाजवत नाहीत. आणि तुला कुणी बोलू नये म्हणून दुखतंय म्हणतात."

ती सरळ रहीमभाईंकडे गेली, त्यांच्या हातातून क्लॅरनेट घेतली आणि बापासमोर उभी राहिली. निळ्या कोटातला मुलगा वाजवायचा थांबला.

"पप्पा, गालावरचा हात काढा."

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली वळवली.

"काढा ना. आणि वाजवा," वर्षा म्हणाली. "गाडीपुढं एकट्यानं नाही चालायचं. मी चालते तुमच्याबरोबर. वळणापर्यंत."

पहिला सूर फाटला, ओला आणि घोगरा. दुसराही नीट लागला नाही. तिसऱ्याला मास्तरांचे खांदे खाली आले आणि मग ते चालायला लागले, बाजूला शालू सावरत नवरी, मागं सगळे कोट, सगळ्यांच्या मागं सावकाश येणारी गाडी. नवरदेव आधी आत बसून होता. थोड्या वेळानं तोही उतरला आणि बायकोच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागला. मला तो मुलगा तेव्हाच आवडला. वळणावर वर्षा बापाच्या पाया पडली, गाडीत बसली आणि गाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत क्लॅरनेट थांबली नाही.

परत येताना सगळे सरबताच्या टेबलापाशी थांबले. तिथं पिंपात बर्फ घातलेलं पाणी होतं. मीही तिथंच होते, जायची तयारी करत. मी शब्द मोडला होता, त्याबद्दल मास्तर आता काय बोलतील ते ऐकून घ्यायचं असं ठरवून उभी राहिले. रहीमभाईंनी त्यांना हळूच विचारलं, "मास्टर, और दाँत?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग बाही वर सारून पिंपात हात घातला, बर्फाचा एक चांगला मोठा तुकडा काढला, सगळ्या बँडवाल्यांच्या देखत समोरच्या दातांत धरला आणि कडकन तोडला. सावकाश चावला. रहीमभाई आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मास्तर, बर्फ चावायचा नसतो. कवच तडकतं."

"आज चावू द्या, मॅडम," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुकडा काढायला पुन्हा पिंपात हात घातला.